संकेतस्थळ व जाहिरात यांच्या परिणामाचे मापन : मावळ-लोणावळा परिसरातील पर्यटन व्यवसायासाठी टॅग-मांडणीची निवड

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या दरम्यान वसलेला आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर लोणावळा-खंडाळा परिसरातील आठवडाअखेरच्या पर्यटनास मोठी चालना मिळाली. कार्ला व भाजे येथील लेणी, भुशी धरण, पवना जलाशयाच्या काठावरील तंबूनिवास आणि लोहगड-विसापूर हे दुर्ग ही या पर्यटनाची प्रमुख आकर्षणे होत. मराठ्यांच्या लष्करी वारशाचा भाग म्हणून युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत लोहगडाचा समावेश आहे.

या परिसरातील हॉटेल, भाड्याचे बंगले, तंबूनिवास व चिक्की-विक्री या व्यवसायांत संकेतस्थळ आणि गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवरील जाहिराती आता नित्याच्या झाल्या आहेत. पावसाळ्याचे मोजके आठवडे हा कमाईचा मुख्य काळ असल्याने कोणत्या जाहिरातीने ग्राहक आला, हे वेळेत कळले नाही तर त्या हंगामाचा खर्च वाया जातो. याचे उत्तर संकेतस्थळावरील टॅगच्या मांडणीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मांडणीचे पर्याय व निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

टॅग : संकल्पना व पूर्वपीठिका :

टॅग म्हणजे संकेतस्थळाच्या पानात घातलेला छोटा प्रोग्रॅम होय. पान उघडताच तो पानाचा पत्ता, वेळ, उपकरणाचा प्रकार आणि अभ्यागत कोठून आला ही माहिती मापन करणाऱ्या सर्व्हरकडे पाठवितो. टॅगचा प्रसार होण्यापूर्वी संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील नोंदी वाचून अभ्यागतांची गणना केली जात असे. अशा नोंदींचे विश्लेषण करणारी 'अर्चिन' ही कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गूगल ॲनालिटिक्स' ही सेवा खुली केली. जाहिरातीच्या दुव्याला स्रोत, माध्यम व मोहीम यांची नावे जोडण्याच्या पद्धतीस आजही 'यूटीएम' म्हणतात. त्यातील पहिले अक्षर अर्चिनचेच आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गूगल टॅग मॅनेजर' उपलब्ध झाला. २०२० मध्ये त्याची सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आली व ॲनालिटिक्सची चौथी पिढीही सुरू झाली. जुन्या 'युनिव्हर्सल ॲनालिटिक्स'चे सर्वसाधारण मापन १ जुलै २०२३ रोजी थांबले आणि वर्षभरानंतर जुनी माहिती पाहण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी आपली आकडेवारी उतरवून ठेवली नव्हती त्यांचा पूर्वेतिहास नष्ट झाला. साधन दुसऱ्याचे असले तरी नोंद स्वतःची असावी, हा धडा यातून मिळतो.

मांडणीचे पर्याय :

१) थेट टॅग : प्रत्येक सेवेचा टॅग पानात स्वतंत्रपणे बसविला जातो. एकाच सेवेचे मापन हवे असल्यास ही पद्धत पुरेशी आहे; परंतु प्रत्येक बदलासाठी संकेतस्थळ तयार करणाऱ्याकडे जावे लागते.

२) टॅग मॅनेजर : पानात एकच सांगाडा बसवून आतील टॅग स्वतंत्र पटलावरून नियंत्रित केले जातात. बदल सोपे होतात. तथापि हंगाम संपल्यावर जुने टॅग काढले नाहीत तर पान जड होत जाते.

३) सर्व्हरवरील टॅग : माहिती प्रथम स्वतःच्या ताब्यातील सर्व्हरकडे जाते व तेथून निवडक स्वरूपात पुढे पाठविली जाते. त्यामुळे माहितीवर नियंत्रण राहते. मात्र सर्व्हरचे भाडे व जाणकार व्यक्तीची देखरेख यांचा खर्च कायमचा असतो.

४) स्वतःच्या सर्व्हरवरील मुक्तस्रोत प्रणाली : 'मातोमो' हे याचे उदाहरण होय. माहिती बाहेर जात नाही. परंतु जाहिरात-सेवांशी जोडणी तुलनेने कष्टाची ठरते.

स्थानिक व्यवहाराचे स्वरूप :

वरील पर्यायांची निवड करताना येथील व्यवहार कोठे पूर्ण होतो, हा प्रश्न कळीचा ठरतो. संकेतस्थळावरच पैसे भरून चिक्की मागविली तर खरेदीची नोंद टॅगला मिळते. तंबूनिवास वा बंगल्याच्या बाबतीत मात्र ग्राहक संकेतस्थळ पाहून फोन करतो किंवा व्हॉट्सॲपवर विचारणा करतो, दर ठरवितो आणि आगाऊ रक्कम पाठवितो. टॅगला केवळ फोनच्या वा व्हॉट्सॲपच्या बटणावरील स्पर्श दिसतो. हा स्पर्श म्हणजे बुकिंग नव्हे. प्रवास-सेवांच्या संकेतस्थळावर होणारी बुकिंग तर व्यावसायिकाच्या टॅगच्या कक्षेतच येत नाही.

दुसरी अडचण श्रेयाच्या वाटणीची आहे. समजा, एका शनिवारी १० तंबूंचे बुकिंग झाले. एक जाहिरात-सेवा त्यांतील ७ आपल्यामुळे झाल्याचे दाखविते, दुसरी ६ दाखविते. बेरीज १३ येते, कारण दोन्ही जाहिराती पाहिलेला ग्राहक दोन्हीकडे मोजला जातो. प्रत्यक्ष नोंदवहीत मात्र १० नावेच असतात. अशा वेळी अधिक खर्चाची टॅग-मांडणी करूनही दोन्ही सेवांचे दावे आपोआप जुळत नाहीत.

निवडीचे निकष :

प्रथम, कोणता निर्णय घ्यावयाचा आहे ते लिहून काढावे व त्यापुरत्याच घटना मोजाव्यात. तंबूनिवासासाठी दरपत्रक पाहणे, फोन बटण व व्हॉट्सॲप बटण या तीन घटना पुरेशा आहेत.

दुसरे, दुव्यांची नावे एकाच पद्धतीने लिहावीत. रोमन लिपीत लोणावळ्याचे लेखन एकाहून अधिक प्रकारे होते. पवना हे नावही कोणी 'व्ही'ने तर कोणी 'डब्ल्यू'ने लिहितात. लहान-मोठ्या अक्षरांतील फरकही प्रणाली निराळा मानते. परिणामी एकाच मोहिमेचे आकडे तीन-चार ओळींत विखुरतात.

तिसरे, टॅग व नोंदवही यांची सांगड घालावी. व्हॉट्सॲपच्या दुव्यात संदेशाचा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. प्रत्येक जाहिरातीसाठी त्या मजकुरात वेगळा लहान संकेत ठेवल्यास तो चौकशीसोबत येतो व बुकिंग झाल्यावर नोंदवहीत उतरविता येतो. या उपायास कोणताही अतिरिक्त सर्व्हर लागत नाही.

चौथे, खर्चाचे प्रमाण पाहावे. सफारी ब्राउझर २०१९ पासून पानावरील स्क्रिप्टने ठेवलेली कुकी साधारणतः सात दिवसांतच काढून टाकतो. सर्व्हरवरील मांडणीने ही मर्यादा काही अंशी सैल होते. दीर्घकाळ विचार करून होणाऱ्या खरेदीत याचा लाभ आहे. चार दिवसांत ठरणाऱ्या सहलीसाठी तो अल्प आहे.

कायद्याची बाजू :

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी लागते आणि संमतीची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख बंधने लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे. १८ वर्षांखालील व्यक्तींचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे यांस अधिनियमात मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत दिलेली सवलत शैक्षणिक कार्य व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरती आहे. अकरावीच्या प्रवेशाचे पान असलेल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाहिरात-टॅग बसविण्यापूर्वी ही बाब तपासणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

मावळातील लहान व मध्यम पर्यटन व्यवसायासाठी मोजके टॅग असलेला टॅग मॅनेजर, दुव्यांच्या नावांचा लिखित नियम आणि संकेतयुक्त नोंदवही ही मांडणी सर्वाधिक उपयुक्त ठरते. संकेतस्थळावरच मोठ्या संख्येने विक्री होत असेल व देखरेखीस माणूस उपलब्ध असेल, तरच सर्व्हरवरील मांडणीचा विचार करावा. हंगामाच्या अखेरीस जाहिरातीवरील खर्चाचा निवाडा जाहिरात-सेवेच्या पटलावरून न करता नोंदवहीतील बुकिंगवरून करावा. वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अशी ताळेबंद-पद्धत स्थानिक व्यावसायिकांपर्यंत पोहोचविल्यास विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष अनुभव मिळेल आणि व्यावसायिकाचा अनाठायी खर्च वाचेल.