जुन्या पिकअप गाडीचें इंजिन उभ्यानें कां थरथरतें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं पंधरा-वीस वर्षें वापरलेली डिझेल पिकअप गाडी आहे. टोमॅटोचे क्रेट नारायणगांवास नेणें, कांदा लासलगांवीं पोंचविणें, परत येतांना खताचीं पोतीं आणणें, हीं कामें तिच्यावरच चालतात. अशा गाडीचें एक दुखणें सर्वांच्या परिचयाचें आहे. रस्त्यावर ती बरी धांवते, ओझेंही ओढते. परंतु आडत्याच्या दारांत उभी केली, कीं इंजिन अडखळूं लागतें, केबिन थरथरते आणि एखादे वेळीं इंजिन आपोआप बंद पडतें. मग ‘पंप गेला’ असा निर्णय ऐकावयास मिळतो. पंप उतरविला जातो, ऐन हंगामांत गाडी अडकते, व मोठा खर्च होऊनही कित्येकदां थरथर राहते ती राहतेच. हा खर्च करण्यापूर्वीं मालकानें स्वतः काय पाहावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक मर्यादा सांगून ठेवतों. पंपापासून प्रत्येक इंजेक्टरकडे स्वतंत्र लोखंडी नळी जाते, अशा यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांपुरतेंच हें विवेचन आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांच्या डिझेल गाड्या, व त्यापूर्वींच्याही अनेक, ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या आहेत. त्यांतील इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जाऊं शकतो. पुढें सांगितलेली नळी सैल करण्याची परीक्षा त्या गाड्यांस कदापि लावूं नये.

दोष मंद चालींतच कां दिसतो, हें समजलें म्हणजे अर्धें निदान झालें. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ८०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांस एकदां, म्हणजे मिनिटास ४०० वेळां इंधनाचा फवारा उडतो. चारही मिळून तासांत ९६,००० फवारे झाले. तेवढ्या वेळांत डिझेल जळतें सुमारें अर्धा ते एक लिटर. म्हणजे एका फवाऱ्याच्या वांट्यास पांच ते दहा घनमिलिमीटर, एका लहानशा थेंबाहूनही कमी इंधन येतें. भरल्या गाडीनें घाट चढतांना हेंच माप कित्येक पट होतें. पखालींतलें ओंजळभर पाणी सांडलें तर कोणी पाहत नाहीं. वाटींतलें सांडलें तर वाटी रिकामी होते. नळींत शिरलेला हवेचा बुडबुडा किंवा नोझलची किंचित् गळती धांवतांना जाणवत नाहीं व उभ्या गाडींत जाणवते, याचें कारण हेंच.

म्हणून पंपावरील मंद चालीचा स्क्रू पिळून वेग वाढविणें हा उपाय नव्हे. त्यानें थरथर झांकली जाते, डिझेल व्यर्थ जळतें आणि मूळ दोष वाढत राहतो. ‘रेस वाढवून देतों’ म्हणणाऱ्या मिस्त्रीस नम्रपणें थांबवावें.

यानंतरचा मुख्य प्रश्न असा, कीं दोष एकाच सिलिंडरांत आहे कीं चारहींत? सायलेन्सरपाशीं उभें राहून कान द्यावा. धाप ठराविक ठेक्यानें लागत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर काम चुकवीत आहे. चाल कधीं चढते, कधीं उतरते, ठेका असा नाहींच, असें असेल तर इंधनाच्या पुरवठ्याचा संशय घ्यावा.

पुरवठ्याच्या दोषांत हवा ही सर्वांत फसवी. टांकीपासून पंपापर्यंतच्या नळींत डिझेल ओढलें जात असतें. तेथें चीर पडली किंवा वॉशर दबला, तर डिझेल बाहेर न गळतां बाहेरची हवा आंत शिरते. वरून सर्व कोरडें दिसतें व दोष सांपडत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. एका स्वच्छ डब्यांत गाळलेलें डिझेल घेऊन तो पंपाहून उंच टांगावा, व नवीन रबरी नळीनें तें थेट फीड पंपास पुरवून, हवा काढून, इंजिन चालवावें. चाल सुधारली तर दोष टांकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे, हें निश्चित झालें. जुनी रबरी नळी, नळीचे क्लिप आणि जोडांवरील तांब्याचे वॉशर एकेक करून बदलावे. मोठा पंप उतरविण्याचें कारण उरत नाहीं.

पिंपांत डिझेल सांठविणाऱ्यांनीं पाण्याचीही शंका घ्यावी. सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें व अर्धा तास ठेवावें. पाणी असल्यास तें तळाशीं वेगळें दिसतें. केवळ थंड असतां पांच मिनिटें अडखळून मग सरळ चालणाऱ्या इंजिनांत हीटर प्लग असल्यास ते आधीं तपासावे.

आतां एकाच सिलिंडरच्या दोषाकडे वळूं. इंजिन मंद चालींत ठेवून एका वेळीं एकाच इंजेक्टरच्या नळीचा नट पान्यानें अर्धा फेरा सैल करावा व पुन्हां आवळावा. निरोगी सिलिंडरचें इंधन तोडलें, तर चाल आणखी बिघडते. ज्याचा नट सैल करूनही चालींत फरक पडत नाहीं, तोच सिलिंडर रोगी. नटाभोंवतीं फडकें गुंडाळावें, डोळ्यांस चष्मा लावावा व तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर डिझेल उडूं देऊं नये. फवाऱ्यासमोर बोट तर मुळींच नेऊं नये. दाबाचें डिझेल कातडी भेदून मांसांत शिरतें. जखम टांचणी टोंचल्याएवढी दिसली, तरी त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें, कारण उशीर झाल्यास बोट गमावण्याची वेळ येते.

रोगी सिलिंडर सांपडल्यावर त्याचा व शेजारच्या निरोगी सिलिंडरचा इंजेक्टर यांची अदलाबदल करावी. तांब्याचे वॉशर नवीन घालावे. जुना वॉशर भोंकांतच चिकटून राहिला नाहीं ना, हें टॉर्चनें पाहावें. मग तीच परीक्षा पुन्हां करावी. दोष इंजेक्टरबरोबर हलला, तर नोझल तपासणाऱ्याकडे एकच इंजेक्टर न्यावा लागतो. दोष जागचा हलला नाहीं, तर टॅपेटचें अंतर व कॉम्प्रेशन पाहावें. पांढरा धूर थांबत नसून रेडिएटरचें पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय येतो. हें सर्व निर्दोष ठरलें, तरच पंपाची पाळी. आणि मग तो उतरविण्यास आमची हरकत नाहीं.

क्वचित् इंजिन निरोगीच असतें. धूर व आवाज एकसारख्या ठेक्यानें येतात, परंतु केबिन थरथरते. तेथें इंजिनाखालचीं रबरें, ज्यांस मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, तीं बसलेलीं असतात.

दोष दूर झाल्यावरच मंद चालीचा स्क्रू हातीं घ्यावा. इंजिन चांगलें तापवून, गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेल्या फेऱ्यांवर चाल आणावी व स्क्रूचा नट आवळून टाकावा.