‘अभ्यास केला नाहीस तर हेच करावे लागेल!’

आमच्या वस्तीतील एक ताई शहरातल्या मोठ्या मॉलमध्ये साफसफाईच्या कामाला आहेत. काम ठेकेदाराकडचे. पाळी बारा तासांची आणि बसायला जागा नाही. मध्यंतरी एका रविवारी त्यांच्यावर जो प्रसंग आला तो त्यांनी आम्हाला सांगितला. तो ऐकल्यापासून आम्हाला चैन नाही.

खाण्याच्या दालनात एक कुटुंब बसले होते. सहा-सात वर्षांच्या मुलाने लाह्यांचा डबा खाली सांडला. ताई झाडू घेऊन आल्या, त्यांनी जागा साफ केली. मुलाला गंमत वाटली. त्याने आणखी एक मूठ भिरकावली. ताईंनी पुन्हा झाडले. तिसरी मूठ त्यांच्या पाठीवर पडली. आई मोबाइलमध्ये दंग होती. वडील आधी हसले आणि मग मुलाला म्हणाले, “बघितलंस? अभ्यास केला नाहीस तर मोठेपणी हेच करावं लागेल.”

ताई गप्प राहिल्या. उलटून बोलावे तर तक्रार होते आणि दिवसाचा पगार कापला जातो. पुढे त्या म्हणाल्या, “पोरगं ते पोरगंच. त्याचा राग नाही हो. पण तेवढ्यात त्या साहेबांचा फोन वाजला आणि फोनवर भीमगीत लागलं. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं.”

समाजबांधवांनो, हे साहेब परके नव्हते! आपल्यातलेच होते. कदाचित त्यांच्या आजीनेही असाच झाडू धरला असेल, त्यांचे वडील गिरणीत किंवा गोदीत राबले असतील. त्या राबण्यातून ते शिकले, नोकरीला लागले, रविवारी मुलाबाळांना घेऊन मॉलमध्ये जाऊ लागले. याचा आम्हाला आनंदच आहे. पण इस्पितळातील आया, वॉर्डबॉय, पहारेकरी, हॉटेलातला वाढपी, दुकानात दिवसभर कपडे उलगडून दाखवणारी मुलगी, यांत आजही आपलीच माणसे किती आहेत हे कोणाला सांगायला हवे? टेबलावर बसलेलाही आपला आणि टेबल पुसणाराही आपला, असे आता वारंवार घडणार आहे.

‘शिका’ असे बाबासाहेबांनी सांगितले ते झाडू धरणाऱ्याला हिणवण्यासाठी नव्हे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा ठरला. राबणाऱ्या माणसाचा मान त्यांच्या मनात किती होता हे त्यावरून कळते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात राजगृहाच्या सुनीत भंग्याची हकीकत आहे. रस्ता झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी तुच्छ लेखले नाही, आपल्या संघात घेतले. ही गोष्ट आपण विहारात मुलांना सांगतो. मग मॉलमध्ये गेल्यावर ती आपणच कशी विसरतो?

या ताईंचा मुलगा यंदा दहावीला आहे. शाळेच्या एका फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. “काय लिहू?” असे त्याने विचारले. ताई म्हणाल्या, “नोकरी लिही.” मुलाने तेच लिहिले. त्याने तसे का विचारले आणि आपण तसे का सांगितले, हे दोघांनाही माहीत होते. लाह्या उधळणाऱ्या मुलाला वडिलांनी जे वाक्य शिकवले, ते या मुलापर्यंतही केव्हाच पोचले आहे.

आता एसटीचे उदाहरण घेऊ. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धे तिकीट, हा नियम सर्वांना पाठ आहे. तरीही गाडीत काय चालते? “मास्तर, पोरगं अजून पाचाचं झालं नाही.” आणि मांडीवरचे पोरगे मोठ्याने ओरडते, “आई, मी तर दुसरीत आहे ना!” गाडीतले लोक हसतात. आई मुलाला चिमटा काढते आणि कंडक्टरशीच भांडायला उठते. पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढले तर जाब द्यावा लागतो तो कंडक्टरला. चिमटा बसलेले मूल मात्र एक धडा शिकते: खरे बोलले की मार बसतो. रोज सकाळी ‘मुसावादा वेरमणी’ म्हणणाऱ्या घरात हे घडते! थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असा उपदेश भगवंतांनी स्वतःच्या मुलाला, राहुलला केला होता. दुसऱ्याला नावे ठेवून आम्ही मोकळे होणार नाही. गावी जाताना पैसे कमी असल्याने हे पाप आम्हीही एकदा केले आहे. तो कंडक्टर समजूतदार होता. त्याने आमच्याकडे बघितले, मुलाकडे बघितले आणि काही न बोलता पुढे गेला. त्याचे ते बघणे अजून आठवते.

हॉटेलात तर पाच वर्षांचे पोर वडिलांच्या वयाच्या माणसाला “ए, पाणी आण” म्हणते. कोणाचे ऐकून म्हणते, हे सांगण्याची गरज नाही.

इस्पितळातल्या एका सफाई कामगार बंधूंनी सांगितलेली गोष्ट मात्र प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. भेटीच्या वेळेत लोक लहान मुले घेऊन येतात आणि बाळाचे डायपर संडासात टाकून देतात. ते पाण्याने फुगते आणि नळ तुंबतो. मग ते बाहेर काढायला कोणाला तरी हात घालावा लागतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा नवा कायदा झाला. आणि आपल्या एका डायपरने आपण कोणाला तरी त्याच कामाला लावतो. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायला कितीसा वेळ लागतो?

आईबापांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला मॉलची गुळगुळीत फरशी दिसली की ते धावणारच. आठवडाभर राबलेल्या आईलाही घटकाभर बसावेसे वाटते. काही मुले आजारामुळे आवरत नाहीत, त्यांच्या आयांचे हाल त्यांनाच ठाऊक. मुलांनी दंगा करू नये असे ताईंचेही म्हणणे नाही. “सांडलं तर सांडू दे. पण आई नुसती ‘ताई, जरा त्रास दिला’ म्हणाली तरी अर्धा शीण जातो. आणि पोराला सोबत दोन लाह्या उचलायला लावल्या तर मी स्वतःच म्हणते, राहू दे बाळा.”

येत्या ६ डिसेंबरला आपल्यापैकी अनेकजण मुलांना घेऊन चैत्यभूमीला जातील. शिवाजी पार्कच्या मैदानावर त्या दिवशी झाडू घेऊन जे कामगार रात्रंदिवस उभे असतात, त्यांतही आपले भाऊबहीण असतात, आणि दर्शनाला यायला त्यांना रजा मिळालेली नसते. त्यामुळे घरून निघताना भाकरीच्या पिशवीबरोबर एक रिकामी पिशवीही घ्यावी. केळीची साले, बिस्किटांचे कागद, पाण्याच्या बाटल्या मुलांच्याच हाताने त्यात भरून घ्याव्यात. आणि एखादी मावशी झाडत जवळ आली तर मुलाला आधी तिला जयभीम करायला सांगावे, मग पाय उचलून जागा करून द्यावी. आमच्या ताईही त्या दिवशी मैदानावर असतील. या वर्षी ठेकेदाराने त्यांना तिकडेच पाठवायचे ठरवले आहे.