मुलांच्या हातीं काय द्यावें?

श्रावणांतील सोमवारीं ओतूरच्या कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, आणि तांदळाच्या पिंडींचें दर्शन घेऊन परतणाऱ्या पिंपरी पेंढारच्या माणसाच्या एका हातांत प्रसादाची पुडी व दुसऱ्या हातांत पोरासाठीं घेतलेलें एखादें खेळणें असतें. ह्या रिवाजाविषयीं कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. यात्रेहून बाप रिकाम्या हातानें घरीं आला म्हणजे पोराचें तोंड कसें उतरतें हें ज्यानें पाहिलें आहे, तो त्या पन्नास-साठ रुपयांना उधळपट्टी म्हणणार नाहीं. परंतु गेल्या श्रावणांत एका वाटणीच्या दाव्याचे कागद पाहण्याकरितां आम्ही त्या गांवीं एका पक्षकाराच्या मळ्यावर मुक्कामास होतों, तेव्हां जो प्रकार डोळ्यांदेखत घडला, त्यामुळें ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटूं लागलें आहे.

घरांत दीड वर्षाचा नातू. त्याच्यासाठीं यात्रेंतून एक खोटा फोन आणला होता. कळ दाबली कीं दिवे लागत व एक कर्कश गाणें सुरू होई. दिवेलागणीच्या सुमारास गाणें एकाएकीं बंद पडलें, आणि पोरगाहि गप्प झाला. आजीच्या तें ध्यानांत आलें. तिनें त्याला उचलून दिव्याखालीं धरलें, तों जिभेवर एक चकाकणारी चकती दिसली. म्हातारीनें बोट वळवून ती बाहेर काढली. खेळण्याच्या पाठीचें झांकण नखानें उघडण्यासारखें होतें. त्याला स्क्रू नव्हता. पोराचा बाप हंसून म्हणाला, "रुपया नव्हता, वकीलसाहेब, नुसता सेल होता." आम्ही म्हणालों, "दादा, रुपया असता तर बरें झालें असतें."

हें आम्ही थट्टेनें म्हटलें नव्हतें. नाणें गिळलें गेलें तर तें पुष्कळदां पोटांतून निघून जातें, जरी तेंहि डॉक्टरास दाखविलें पाहिजेच. बटणासारख्या सेलाची गोष्ट निराळी. तो अन्ननलिकेंत अडकला म्हणजे तेथील ओलाव्यामधून त्याचा प्रवाह वाहूं लागतो, त्या जागीं दाहक क्षार तयार होतो, आणि दोन तासांच्या आंत नळीची भिंत जळूं लागते. सेल संपलेला असला तरी त्यांत एवढें बळ उरतें. मूल बोलूं शकत नाहीं. लाळ गळते, तें खात नाहीं, खोकतें, आणि घरचे लोक दांत येत असतील म्हणून स्वस्थ बसतात. अशा वेळीं ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये. तडक एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयाचा रस्ता धरावा, व सेलाचें पाकीट किंवा तसलाच दुसरा सेल सोबत न्यावा. त्या रात्रीं मळ्यावरून नारायणगांवपर्यंत जाण्यास जो वेळ लागला असता, त्याचा हिशेब आम्ही मनांत केला आणि गप्प बसलों.

आतां कायद्याकडे वळूं. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा हुकूम २०२० सालीं निघाला व १ जानेवारी २०२१ पासून अमलांत आला. चौदा वर्षांखालील मुलांसाठीं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोचा आय.एस.आय. छाप असला पाहिजे. विजेवर अगर सेलावर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हें मानक लागू आहे, इतरांना आयएस ९८७३. छापाखालीं परवान्याचा क्रमांक असतो व तो खरा कीं खोटा हें ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ह्या मोबाईलवरील साधनानें घरबसल्या तपासतां येतें. छापावांचून विकणारा दुकानदार दंडास पात्र होतो. हुकूम निघण्यापूर्वी, २०१९ सालीं, भारतीय गुणवत्ता परिषदेनें बाजारांतून आणून तपासलेल्या परदेशी खेळण्यांपैकीं सुमारें ६७ टक्के नापास ठरलीं होतीं. आयात कर २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० वर नेला व २०२३ सालीं ७० केला. त्याच वर्षीं जानेवारींत छापावांचून विकावयास ठेवलेलीं १८,६०० खेळणीं ब्यूरोनें मोठमोठ्या दुकानांतूनहि जप्त केलीं. म्हणजे दोष एकट्या यात्रेंतल्या गाडीवाल्याचा नाहीं. संगमरवरी फरशीच्या दुकानांत शिरलें कीं माल आपोआप चोख होतो, असेंहि नाहीं.

आम्ही स्वदेशीचे कट्टर अभिमानी आहोंत, आणि म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलतों. परदेशी माल कराच्या भिंतीनें अडविला एवढ्यानें स्वदेशी कर्तव्य संपत नाहीं. ज्या घरगुती कारखान्यांत तसलाच पातळ प्लास्टिकचा फोन, तसल्याच झांकणाचा, आपल्याच माणसांच्या हातून तयार होतो, तो देशाची सेवा करीत नसून देशाच्या पोरांवर नफा काढीत आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, खेड्यांतल्या मुलांना खेळणीं हवींत कशाला? मोकळें रान आहे, झाडें आहेत, मातीचे ढीग आहेत. जुन्नर तालुक्याची आजची स्थिति ज्यांस ठाऊक नाहीं तेच असें बोलतील. ऊस वाढला, तसे उसांत बिबटे राहूं लागले. माणिकडोहचें बिबट निवारण केंद्र ह्याच कारणानें निघालें. पिंपरी पेंढारच्या आसपास मळ्यांवर राहणारीं कुटुंबें आज सूर्य कलला कीं मुलांना अंगणांतून आंत घेतात व दार लावतात. शहरांतल्या मुलाला जागा नाहीं म्हणून तें घरांत, आणि मळ्यावरच्या मुलाला जागा पुष्कळ असून तें घरांतच! अशा वेळीं हातीं खेळणें नसलें तर बापाचा मोबाईल येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाखालील मुलास पडदा मुळींच दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं एक तासाहून अधिक नाहीं. आम्ही गेलों त्या घरांत दार बंद झाल्यापासून निजेपर्यंतच तीन तास होत होते. तेव्हां खेळणें ही चैन नव्हे. कोंडलेल्या मुलाची ती गरज आहे, आणि तें निवडण्याची अक्कल ही घरच्या वडील माणसांची जबाबदारी आहे.

तान्ह्या मुलाला विकत घ्यावयाचें असें फारच थोडें लागतें. त्याच्यासाठीं जें जें आणूं नये त्याची यादीच मोठी. जन्मतांच मध चाटविण्याची चाल आपल्यांत आहे. परंतु मधांत एका जंतूचीं बीजें असूं शकतात व वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत तीं विष निर्माण करतात, म्हणून वर्ष पुरें होईपर्यंत मध नको. डोळ्यांत काजळ घालूं नये. बाजारच्या कित्येक काजळांत व सुरम्यांत शिसें सांपडलें आहे, आणि शिशाची इजा मेंदूला होते ती पुन्हां भरून येत नाहीं. सहा महिने केवळ आईचें दूध. दुधाची बाटली घेणें अपरिहार्यच झालें तर छाप असलेली घ्यावी. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बाटल्या २०१५ पासून आपल्या मानकानें बाद केल्या आहेत. औषधांच्या दुकानदारांस एक स्मरण देतों: १९९२ च्या कायद्यानें दूध पाजण्याच्या बाटल्या व दोन वर्षांखालील मुलांचे कृत्रिम आहार यांची जाहिरात करणें, त्यांवर सूट देणें किंवा भेटवस्तु लावणें हीं सर्व निषिद्ध आहेत. चाकांच्या पांगुळगाड्यांत मुलाला बसविण्याची हल्लीं हौस झाली आहे. मूल त्यानें लवकर चालत नाहीं, उंबऱ्यावरून व पायरीवरून मात्र लवकर पडतें. कॅनडानें २००४ सालीं ह्या गाड्यांची विक्रीच बंद केली. दांडा धरून ढकलण्याचा आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षां शतपटीनें शहाणा.

रांगतें मूल जगाची परीक्षा तोंडानें करतें, हें तीन वर्षांपर्यंत विसरूं नये. मानकांत एक नळी सांगितली आहे, सुमारें सव्वा इंच व्यासाची. जी वस्तु तींत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या गळ्यांतहि अडकूं शकते. घरीं एका पुठ्ठ्याला दीड इंचाचें भोंक पाडून दाराला अडकवून ठेवावें व जें त्यांतून आरपार जाईल तें उंच फळीवर ठेवावें. सागरगोटा जातो, चिंचोका जातो, गोटी जाते, बाहुलीचा निघालेला डोळा जातो. भुईमुगाचा दाणा तर जातोच, आणि श्वासनळींत गेलेले शेंगदाणे काढणें हें कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचें नित्याचें काम आहे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा ह्या सर्वांहून वाईट, कारण तो घशाला चिकटून बसतो. ह्या वयाला कापडी चेंडू, लांकडी खुळखुळा, एकांत एक बसणाऱ्या वाट्या पुरेत. सावंतवाडीच्या चितारआळींतलीं, किंवा कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं लाखेनें रंगविलेलीं खेळणीं मिळालीं तर उत्तमच. घरच्या घरीं रंगविण्याची हौस असेल तर रंगाच्या डब्यावरील अक्षरें वाचावीं: नोव्हेंबर २०१७ पासून रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक चालत नाहीं, पण अडगळींतला जुना डबा त्या कायद्यापूर्वींचा असूं शकतो.

तीन वर्षांपुढें मुलाला वस्तु नको असते, काम हवें असतें. हें आम्ही आपल्या पदरचें सांगत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढें १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साह्यानें आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालविल्या. माँटेसोरीबाईंचीं साधनें युरोपांतून आणावीं तर परवडेनात. तेव्हां ह्या दोघींनीं बिया, शिंपले, खडे, पानें, मातीचीं भांडीं हींच साधनें केलीं. वेचणें, ओतणें, लहानमोठें लावणें, मोजणें हें सारें त्यांतून साधलें. हेंच पुढें मोठ्या मुलांसाठीं अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या आयुकांतील विज्ञान केंद्रांत २००३ ते २०१४ पर्यंत केलें: आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या ह्यांतून पदार्थविज्ञान. जुन्नरकरांना तर आणखी एक सोय आहे. खोडदची महाकाय दुर्बीण ह्याच तालुक्यांत आहे; फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनीं तेथें शाळेच्या मुलांचे प्रयोग मांडलेले असतात, ते पाहण्यास मुलांना अवश्य न्यावें.

आणि दिवाळीचा किल्ला! शिवनेरी ज्या तालुक्यांत उभा आहे तेथील मुलांनीं बाजारचा तयार किल्ला विकत आणावा ह्यासारखी नामुष्की नाहीं. माती भिजवणें, बुरूज रचणें, अळीव पेरणें ह्यांत जें शिक्षण आहे तें कोणत्याहि खोक्यांत मिळत नाहीं. कुंभाराकडून मातीचे मावळे घ्यावे, म्हणजे त्याच्याहि घरीं दिवाळी होईल. दहा-बारा वर्षांच्या पुढें पतंग येतो. नायलॉनचा मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालींच बंद केला आहे, तो विकणाऱ्यास ठणकावून नाहीं म्हणावें. दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षां जास्त नसावें हा महाराष्ट्र सरकारचा २०१५ चा ठराव आहे. एकदां घरच्या तागडीवर दप्तर तोलून पाहावें, अधिक बोलण्याची गरज पडणार नाहीं.

त्या घरीं सात वर्षांची एक नातहि होती. तिला यात्रेंतून काय आणलें, असें आम्ही सहज विचारलें. आजी म्हणाली, "तिला कशाला? ती धाकट्याला खेळवती की." हें उत्तर ऐकून आम्हांस त्या सेलापेक्षां कमी चटका बसला नाहीं. मुलाला ट्रॅक्टर, मुलीला फार तर भातुकली, आणि बहुधा कांहींच नाहीं, कारण धाकटा भाऊ हेंच तिचें खेळणें! शारदेच्या मंदिरांत मुलींना धाडण्यासाठीं ज्या महाराष्ट्रानें भांडण केलें, त्यानें खेळाच्या अंगणांत अजून पोरीसाठीं जागा केलेली दिसत नाहीं.

देवलांच्या लेखणीनें मराठी प्रेक्षकांच्या घरोघरीं पोहोंचलेल्या 'मृच्छकटिका'ची येथें आठवण होते. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा मातीच्या गाडीवर रुसतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत घालते. प्रेक्षक तेवढाच हळवा प्रवेश लक्षांत ठेवतात; आम्हां वकिलांना मात्र हेंहि आठवतें कीं, तेच दागिने पुढें न्यायासनापुढें चारुदत्तावर पुरावा म्हणून येतात. पोराचा रुसवा मोडण्यासाठीं हातीं येईल तें देणें महागांत पडतें, एवढी अक्कल शूद्रकालाहि होती.

राहतां राहिले व्यापारी. दुसऱ्या दिवशीं आम्ही तो फोन घेऊन ओतूरास त्याच विक्रेत्याकडे गेलों. तो बिचारा ओशाळला. पुण्याच्या ठोक बाजारांतून पोत्यानें माल येतो, पावती मिळत नाहीं, छाप कसा असतो हें कोणी सांगितलेलें नाहीं. "साहेब, छापाचा माल दुप्पट पडतो, यात्रेला कोण घेणार?" असें त्यानें विचारलें. प्रश्न खोटा नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, यात्रेंत जागा देणारांनीं पुढील श्रावणापासून एकच अट घालावी: सेलावर चालणारें व छाप नसलेलें खेळणें ठेवूं नये. लांकडी, कापडी, मातीचा माल खुशाल ठेवावा. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना व भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्या हुकुमांतून मोकळीक आहे, व ओतूर-जुन्नरच्या सुतारांनीं ती नोंद करून घेतली तर त्यांचेंच भलें आहे. ग्राहकांनीं पावती मागावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत सदोष मालानें इजा झाली तर बनविणारा व विकणारा दोघांनाहि जबाब द्यावा लागतो, आणि पांच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगांत फी पडत नाहीं. पावती नसली तर मात्र आमच्यासारखा वकीलहि हात चोळीत बसतो.

विक्रेत्यानें साठ रुपये परत केले. ते आम्ही मुलीच्या हातांत ठेवले. तिनें ते कमरेला खोंवले आणि ओसरीवर बसून आपलें काम पुढें चालविलें: ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी, बाभळीच्या कांट्यांनीं जोडलेली, चाकें बाटल्यांच्या बुचांचीं. धाकटा तिच्या पाठीशीं लागून एका चाकाकडे हात नेत होता. तिनें तें चाक उचलून वर फळीवर ठेवलें व म्हणाली, "हे तुझ्या तोंडात जातंय, तू मोठा झाला की देईन." आदल्या रात्रीं तिच्या आजीस आम्ही पुठ्ठ्याचें भोंक समजावून सांगत होतों, तें तिनें झोपेचें सोंग घेऊन ऐकलें असावें.