औषध पिकवायचे कोणत्या पेशीत?

मधुमेही रोज टोचून घेतात ते इन्सुलिन, बाळाला दिली जाणारी हेपॅटायटिस-बीची लस आणि डायलिसिसच्या रुग्णाला रक्तवाढीसाठी दिले जाणारे एरिथ्रोपोएटिन या तिन्हींत एक साम्य आहे. ही सारी प्रथिने आहेत आणि ती जिवंत पेशींकडून बनवून घेतली जातात. हव्या त्या प्रथिनाचे जनुक पेशीत घालायचे आणि पुढचे काम तिच्यावर सोपवायचे. मात्र पेशी कोणाची निवडायची, यावर औषधाचा दर्जा आणि किंमत दोन्ही अवलंबून असतात.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ई. कोलाय हा जिवाणू. अनुकूल परिस्थितीत तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. इन्सुलिन हे अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. त्यामुळे १९७८ मध्ये ते या जिवाणूकडून बनवून घेता आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले. तोवर रुग्णांची भिस्त गायी-डुकरांच्या स्वादुपिंडावर होती.

मोठ्या प्रथिनांची घडी मात्र जिवाणूला अनेकदा नीट जमत नाही. त्यांचे निरुपयोगी गोळे पेशीत साचतात. अशा वेळी यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारे किण्व आणि त्याचे भाऊबंद, उपयोगी पडतात. हेपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्येच तयार होते. काही कंपन्या इन्सुलिनही यीस्टमध्ये बनवतात.

एरिथ्रोपोएटिनची गोष्ट वेगळी. त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. त्या नसतील तर औषध रक्तातून झटपट नाहीसे होते. ई. कोलाय या साखळ्या जोडत नाही आणि यीस्ट जोडते त्या माणसासारख्या नसतात. म्हणून चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५० च्या दशकात मिळवलेल्या ‘सीएचओ’ पेशी वापरतात. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबही त्यांच्यातच बनते. या पेशी दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस घेतात, त्यांचे खाद्य महाग असते आणि विषाणूंच्या तपासण्याही कराव्या लागतात. अशी औषधे महाग असण्यामागचे हे एक कारण.

‘जिवाणूत बनलेले इन्सुलिन म्हणजे जंतू टोचून घेणे नव्हे का?’ अशी शंका काहींना येते. तसे नाही. प्रथिन पेशींपासून वेगळे करून अनेक टप्प्यांत शुद्ध करतात, जिवाणूंच्या विषारी अंशांसाठी तपासतात. मानवी इन्सुलिन जिवाणूत बनलेले असो वा यीस्टमध्ये, रेणू तोच असतो. त्यामुळे या भीतीपोटी इन्सुलिन टाळू नये. आणि ब्रँड बदलायचा असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बदलावा.