ऊर्जेचा जमाखर्च आणि वजनातील क्रमिक घट : डोंगरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेकडील डोंगरी-उत्तन पट्ट्यात मासेमारी व शेती ही उपजीविकेची पारंपरिक साधने होत. शहरीकरणाबरोबर बैठ्या नोकऱ्यांचे प्रमाण वाढते. ताटातील भात मात्र त्याच वेगाने कमी होत नाही. या विसंगतीच्या अनुषंगाने आहारातून मिळणारी व शरीराकडून खर्च होणारी ऊर्जा यांच्या नोंदीचे महत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

श्रम आणि ऊर्जेची गरज

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास मध्यम श्रमासाठी दररोज २७१० किलोकॅलरी, तर बैठ्या कामासाठी २११० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीबाबत हे आकडे अनुक्रमे २१३० व १६६० असे आहेत. मच्छीमार मध्यम श्रमाच्या गटात मोडतो, शिक्षक बैठ्या गटात. (प्राध्यापकवर्गाने याची नोंद घेण्यास हरकत नाही.) वडील होडीवर आणि मुलगा कार्यालयात असेल, तर दोघांच्या गरजेत ६०० किलोकॅलरींचे अंतर पडते. अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालल्यास बसून राहण्यापेक्षा जेमतेम ८० किलोकॅलरी अधिक खर्च होतात. हे अंतर केवळ फिरून भरून निघणे अवघड आहे.

७७०० चा हिशेब

एक किलो वजन म्हणजे ७७०० किलोकॅलरी, हे सूत्र १९५८ मधील मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या मांडणीवरून रूढ झाले. त्यानुसार आहार रोज १०० किलोकॅलरींनी कमी केल्यास वर्षाला ४.७ किलो, आणि दहा वर्षांत ४७ किलो वजन घटावयास हवे! तसे घडत नाही. शरीर हलके होते तसा त्याचा ऊर्जाव्ययही घटतो आणि तूट आपोआप भरून येते. केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार रोजच्या १०० किलोकॅलरींच्या कायम कपातीने अखेर सुमारे ४ किलो घट होते. त्यातील निम्मी पहिल्या वर्षात, उर्वरित बहुतांश तीन वर्षांपर्यंत. वजन स्थिरावले म्हणजे प्रयत्न फसला, असा अर्थ काढणे त्यामुळे अशास्त्रीय ठरते. पहिल्या आठवड्यातील झपाट्याची घटही बव्हंशी पाण्याची असते.

नोंद कशाची करावी

पोळ्या मोजता येतात, तेल नजरेआड राहते. ताज्या बोंबलात मुख्यत्वे पाणीच असते. तोच रवा लावून तळला की हिशेब बदलतो. नऊ ग्रॅम तेलातील ऊर्जा ही वर उल्लेखिलेल्या अर्ध्या तासाच्या चालण्याइतकी आहे. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकी रोज सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे २०७ किलोकॅलरी होतात. प्रत्येक घासाच्या नोंदीपेक्षा हा मासिक भागाकार अधिक विश्वसनीय आहे.

केवळ वजनकाट्यावर विसंबणेही अपुरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३, चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. यास्तव वजनासोबत कमरेचा घेरही नोंदवावा. भारतीयांसाठी त्याची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी आहारातील कपात वैद्यकीय सल्ल्यानेच करावी.