माती खावीशी वाटते तेव्हा

नोकरीत असताना माती खाणाऱ्या गरोदर बायका मी पुष्कळ पाहिल्या. तरुणपणी मी त्यांना रागवायची. परवा टीव्हीवर ॲमेझॉनच्या जंगलात माती खाणारी माकडे पाहिली आणि त्या आठवल्या.

पेरूमध्ये अशा खारट मातीच्या जागांना ‘कोल्पा’ म्हणतात. तिथून अटलांटिक समुद्र फार दूर, आणि मुसळधार पाऊस जमिनीतले क्षार धुऊन नेतो. त्यामुळे झाडपाल्यात सोडियम अगदी थोडे. ते मिळवायला टापीर कोल्पावर येतात. एरवी झाडावरच राहणारी माकडेसुद्धा जग्वारची भीती असताना खाली उतरतात. पानांतली काही विषारी द्रव्ये चिकणमाती पोटात धरून ठेवते, असेही शास्त्रज्ञ मानतात.

आपल्या जेवणात मीठ भरपूर असते. माणसाला मातीची ओढ लागते तेव्हा पुष्कळदा शरीरात लोह कमी असते. माती खाऊन ते भरून निघत नाही. उलट जंत होतात, शिसेही पोटात जाऊ शकते.

सून किंवा नात माती, खडू, नुसता बर्फ खाताना दिसली तर माझ्यासारखे रागवू नका. कुपात खोलिमच्या डॉक्टरांना सांगून तिचे हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या.