संगणक मेलाय की उपाशी आहे?

बटण दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, साधं ‘टूं’सुद्धा झालं नाही. पुन्हा दाबलं, या वेळी जोरात. (जोरात दाबून काही होत नाही, पण दाबतो आपण सगळेच!) मग घरभर आरडाओरडा, ‘संगणक गेला!’ आणि त्यामागोमाग खरी काळजी: माझं प्रोजेक्ट? जत्रेचे फोटो?

आधी ती काळजी मिटवू. प्रोजेक्ट आणि फोटो हार्ड डिस्कवर असतात. वीज नसली म्हणून ती काही विसरत नाही. आणि असा ठार गप्प झालेला संगणक पुष्कळदा मेलेला नसतोच. तो उपाशी असतो. त्याला वीज भरवणारी पेटी तेवढी बिघडलेली असते.

कॅबिनेटच्या मागे जाड काळी केबल खोचतात ना, तिथेच आत ती पत्र्याची पेटी असते. दुरुस्तीवाले दादा तिला एसएमपीएस म्हणतात. सॉकेटमधली वीज असते २३० व्होल्टची, आणि सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावणारी. संगणकाच्या भागांना हवी असते एकाच दिशेने वाहणारी, तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. थेट २३० दिले तर धूरच!

हे काम जुन्या पद्धतीच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरनेही झालं असतं. पण संगणकाला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर काही किलो वजनाचा झाला असता आणि दिवसभर घूंऽऽ करत बसला असता. म्हणून पेटी एक भन्नाट युक्ती करते. आलेली वीज ती आधी एका दिशेची करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते. तिथे ती सुमारे ३२५ व्होल्ट असते, कारण २३० ही एक प्रकारची सरासरी आहे; लाटेचं टोक त्याहून बरंच उंच जातं. मग एक ट्रान्झिस्टर ही वीज चालू-बंद, चालू-बंद करत सुटतो. सेकंदाला कधी पन्नास हजार वेळा, कधी लाखभर वेळा! इतक्या भराभर बदलणाऱ्या विजेला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. आणि गोंगाट? तोही नाही. सेकंदाला वीस हजारांच्या पुढची कंपनं आपल्या कानांना ऐकूच येत नाहीत. १९७७ साली आलेल्या ‘ॲपल टू’ संगणकात रॉड होल्ट या इंजिनिअरने असाच वीजपुरवठा बसवला होता. तो इतका कमी तापायचा की त्या संगणकात पंखाच लागला नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मात्र पुढेच आहे. पेटीच्या आत दोन बाजू असतात: एक सॉकेटकडची, धोक्याची, दुसरी संगणकाकडची, सौम्य. अर्थिंग सोडलं तर या दोन बाजूंना थेट जोडणारी वीज वाहून नेणारी तार नसते! मग वीज पलीकडे जाते कशी? ट्रान्सफॉर्मरमधल्या चुंबकत्वावर स्वार होऊन. बरं, ‘इकडे व्होल्ट वाढायला लागलेत, जरा हात आखडा’ हा निरोप उलटा कसा येतो? उजेडावरून! एका इवल्याशा चिपमध्ये अवरक्त उजेडाचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा, दिवा असतो. समोर तो उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर बसलेला असतो. दिवा कमी-जास्त होतो आणि निरोप पोहोचतो. तुम्ही बिनधास्त पेन ड्राइव्ह लावता, तेव्हा सॉकेटमधले २३० व्होल्ट तुमच्या बोटांपर्यंत येत नाहीत ते यामुळे.

पेटीतून रंगीत तारांचा जुडगा मदरबोर्डकडे जातो. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचा नमुना ठरवून दिला, त्यानुसार पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची. (हल्ली काही पेट्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. दिसायला झोकदार, शोधायला वैताग.) यातली जांभळी तार मोठी मजेशीर. संगणक बंद असला तरी तिच्यात ५ व्होल्ट असतातच, म्हणजे बंद संगणक पुरता झोपत नाही. समोरचं बटणही २३० व्होल्ट जोडत-तोडत नाही, ते मदरबोर्डला नुसती खूण करतं. मदरबोर्ड हिरवी तार शून्य व्होल्टवर ओढतो, आणि ते पाहून पेटी जागी होते. पण लगेच काम सुरू नाही हं! पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही, तसंच इथेही. सगळे व्होल्ट स्थिर झाले की पेटी राखाडी तारेवरून ‘वाढलंय, बसा’ असं कळवते. मगच प्रोसेसर कामाला लागतो. या सगळ्याला सहसा सेकंदही लागत नाही.

आता सांगा, बिघाड शोधायला सुरुवात कुठून करायची? भिंतीपासून! त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लागतो का? एक्स्टेन्शन बोर्डचं बटणच बंद, असं कितीदा निघतं! पेटीच्या मागेही एक छोटं बटण असतं. झाडलोट करताना कुणाचा हात लागला असेल. कधी ती जाड काळी केबलच खराब असते. मॉनिटरची विजेची केबल बहुधा तशीच असते, ती मोठ्यांकडून लावून पाहा. तरीही सामसूम? मग दादांना बोलवा.

दादा मल्टिमीटर काढतील आणि बहुतेक आधी जांभळी तार तपासतील. तिथे शून्य असेल तर पेटी गेली, बिचाऱ्या बटणाला दोष नको. जांभळीवर ५ आहेत, पण हिरवी तार शून्यावर आणूनही पेटी उठत नाही, तरीही संशय पेटीवरच. पंखा एकदा थरथरून थांबत असेल तर मामला वेगळा. तेव्हा कदाचित पुढे कुठेतरी शॉर्ट झालेलं असतं आणि पेटी शहाणपणाने स्वतःला बंद करून घेते. मग दादा एकेक भाग सोडवून बघतात. शेवटची खात्री करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे दुसरी चालू पेटी जोडणं.

पेटी बिघडते कशाने? पुष्कळदा उष्णतेने. पंख्यात धूळ साचते, हवा खेळत नाही, आणि कपॅसिटरमधला द्रव हळूहळू वाळतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. बिघडलेल्या कपॅसिटरचा माथा फुगतो, म्हणून त्यावर मुद्दाम फुलीसारख्या खाचा पाडलेल्या असतात. फुटायचंच झालं तर तिथून हळूच फुटावं! आणि हो, आपल्याकडे कधीकधी पेटीत पालसुद्धा शिरते. मग पालही जाते आणि पेटीही.

इथे मात्र दटावून सांगतो: पेटीचे स्क्रू उघडायचे नाहीत. केबल काढली तरी ते ३२५ व्होल्ट कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून बसलेले असू शकतात. पुष्कळ दादासुद्धा पेटी उघडत नाहीत, सरळ बदलतात.

नवी पेटी आणायला दुकानात गेलात तर एक गणित करा. पेटीवर ४५० असा आकडा ठसठशीत छापलेला असेल. त्याला भुलू नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा, कारण हल्लीचे संगणक बहुतेक भूक १२ व्होल्टवरच भागवतात. तिथे १६ अँपियर असतील तर उत्तर येईल १९२ वॅट. मग ४५० कुठून आले, हे दुकानदारकाकांना जरूर विचारा.